अंगावरचं

फेब्रुवारीत बेत्सुकाईला
सुई आधी काखेत ऊबवावी लागते.
कुमागाईंच्या गोठ्यात साठ गायी.
मला बारा पुरतात :
तीन वेतापूर्वी आटवलेल्या,
पाच नुकत्या व्यालेल्या,
बाकीच्या भर दुधातल्या.

शेपूट हातपंपाच्या दांड्यासारखं सरळ वर,
मणक्याखाली मधोमध बोटानं खाच चाचपायची
आणि टोचायचं.
कोहारु पाय झाडते, शेजारीण तिच्या वतीनं हंबरते.
मुगी वळूनही बघत नाही.
तेच मला आवडत नाही.
तिच्या श्वासाला
पिकून कलंडलेल्या फळाचा गोडसर वास.

नळ्या गोठू नयेत म्हणून कोटाच्या आतल्या खिशात.
बारा गायींची ऊब बरगडीशी घेऊन
चाळीस किलोमीटर गाडी चालवते मी.
डावीकडे समुद्र,
म्हणजे पांढऱ्या लाद्या, एकमेकींना घासणाऱ्या.

युद्धानंतर माझ्या पणजीनं
एकेक किमोनो बटाट्यांवर दिला.
लग्नातला सगळ्यात शेवटी.
दारात आलेल्याला म्हणायची, बरं चाललंय.
व्यालेली गाय तशीच.
खाते त्याहून जास्त देते,
आणि तूट भरायला पाठीवरचं मांदं मोडते,
हाडांतला चुना मोडते.
बादली भरलेलीच असते.
डेअरीच्या पावतीवर काही दिसत नाही.
यकृत तेवढं तुंबत जातं,
मुकाट.

बारापैकी सात नळ्या रेघेच्या वर.
एक गाय वर असती तर तिला आजार म्हटलं असतं.
सात म्हणजे घरातलंच काहीतरी.

"चारा तोच," कुमागाई म्हणाले.
"पेंड तीच. वजन मी स्वतः करतो."
मी ऑक्टोबरचा कागद शेजारी ठेवला.
सगळे ठिपके रेघेखाली, शिस्तीत.
मधे काय बदललं?
"काही नाही."
स्टोव्हवर किटली बडबडत होती.
ठिपक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला,
जणू खरवडून निघतील.

"रात्री साडेनऊला सानाए गोठ्यात जायची.
मला वाटायचं, गायींशी बोलायला."

गायी नाकानं ढकलत वैरण लांब नेतात
आणि मग मान पुरत नाही म्हणून उपाशी राहतात.
ती फावड्यानं ती पुन्हा तोंडाशी लोटायची.
दहा मिनिटांचं काम.
भिंतीवरच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"तिला नगरपालिकेची चिठ्ठी आली होती,
रक्ततपासणीची. जूनमध्ये.
गवतकापणी चालू होती."
एवढं बोलून ते किटली उतरवायला उठले.
बराच वेळ उतरवत राहिले.

मी मुगीला पाच दिवस ग्लायकॉल पाजायला सांगितलं.
आटवलेल्या गायींची गव्हाण मोकळी करायला सांगितली,
तिथं गर्दी होती.
शेरा लिहायच्या जागी पेन अडलं.
आमच्या छापील यादीत
खनिजं आहेत, बुरशी आहे, पाण्याची कमतरता आहे.
शेवटी लिहिलं :
वैरण, रात्री साडेनऊ.

मार्चअखेर पुन्हा बारा नळ्या.
रेघेवर तीन. अजून तीन.
तक्त्यावर एक नवा रकाना, खडूनं, वाकडा.
फावडं दाराशीच होतं.
त्याचा दांडा तिच्या उंचीला कापलेला.
"नवा बसवून घ्या," मी म्हटलं, "कंबर जाईल."
ते नुसतं हं म्हणाले
आणि वाकून ढकलत राहिले
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मुगीपाशी मी बेसावध होते.
लाथ नेमकी ट्रेवर बसली.
दोन नळ्या फुटल्या, बाही लाल.
"अगं!" कुमागाई ओरडले,
पण आवाजात राग सापडेना त्यांना.
मी दुसरी सुई काखेत धरली.